टाचेवरचा डाग

मी त्या लाँड्रीत भांडायला गेले होते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर लोक विचारतात की तुमची भेट कशी झाली, आणि मग मला उगाच लाजल्यासारखं करावं लागतं.

भांडण मोज्यावरून होतं. जोडीवरून नाही, एकाच मोज्यावरून. आमच्या प्रयोगशाळेतले पांढरे कोट दर आठवड्याला त्या लाँड्रीत जातात. आदल्या दिवशी जेवायला जाताना मी तो मोजा कोटाच्या खिशात कोंबला, कोट खुंटीला अडकवला, आणि परत येऊन बघते तर खुंटी रिकामी. कोटाचं मला काही नव्हतं. मोज्यासाठी माझा जीव वर-खाली होत होता.

दुकान लहान होतं. काउंटरमागे इस्त्रीचं लांबलचक टेबल, वरच्या दांडीला ओळीनं लटकलेले शर्ट, आतून येणारी गरम वाफ, आणि साबणाचा तो वास, ज्यानं आंघोळ केलेल्या माणसालाही आपण अस्वच्छ असल्यासारखं वाटतं. काउंटरवर बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला एक तरुण उभा होता. वाफेनं त्याचे केस कपाळाला चिकटले होते. दिसायला बरा होता. पण त्या क्षणी मला त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

"कोटाच्या खिशात एक मोजा होता," मी म्हणाले.

त्याचा चेहरा एकदम उजळला. "तुमचा होता होय? थांबा हं."

तो आत गेला आणि मोजा दोन्ही तळहातांवर ठेवून घेऊन आला, नातेवाइकांना नवं बाळ दाखवायला आणतात तसा. मोजा पांढरा होता. टाचेवर राहिली होती ती करडी, पुसटशी सावली, तीही उजेडात धरली तरच दिसेल अशी.

"बघा," तो म्हणाला. "खरं सांगू मॅडम, असला चिवट डाग मी आजवर पाहिला नव्हता. तेलाचा नाही, ग्रीसचा नाही, शाईचा नाही. शेवटी ब्रश घेऊन बसलो. आमची आत्या म्हणाली, सोड रे, कोळसा उगाळावा तितका काळाच. पण आपल्या दुकानातून डाग परत जात नाही."

मी मोजा उचलून उजेडात धरला.

"जोडीचा दुसरा असेल तर तोही द्या," तो म्हणाला. "पैसे नकोत."

"तो डाग नव्हता," मी म्हणाले.

"मग?"

"माझं काम होतं ते."

त्यानं मोज्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत मोज्याकडे पाहिलं. "पण… टाचेला होतं."

"टाचेलाच हवं होतं."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

आतून इस्त्रीचा फुस्स आवाज आला आणि पाठोपाठ एका बाईचा. "मी म्हटलं होतं, आधी विचार."

मग मी जे बोलले ते रागात बोलले, पण त्यानं ते मान खाली घालून सगळं ऐकलं. मी सांगितलं की त्या काळ्या रंगाला कार्बन म्हणतात. केसाहून कितीतरी पटींनी बारीक अशा कार्बनच्या नळ्या असतात, त्या पाण्यात कालवून मी शाई बनवते. सुती कापड त्या शाईत बुडवायचं, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं. धाग्याधाग्यावर थर चढला की ज्या कापडातून कधी काही गेलं नाही त्यातून वीज जायला लागते. आणि असं कापड दाबलं की वीज आणखी सहज जाते, म्हणजे त्या कापडाला दाब कळतो.

"म्हणजे ह्या मोज्यातून वीज जायची?" त्यानं विचारलं.

"जायची."

"आणि आता?"

"आता नुसता पाय जाईल."

तो हसला. लगेच दोन्ही हातांनी तोंड दाबून गप्प झाला, पण त्याचे खांदे हलत होते. आणि मला स्वतःचाच संताप आला, कारण मलाही हसू येत होतं. जिथं भांडायला जायचं तिथं हसणं म्हणजे खटला हरल्यासारखंच असतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. ह्या वेळी खरंच गंभीर होऊन. "फार चुकलं. पण मॅडम, मोजा म्हटल्यावर कधीतरी धुवावाच लागला असता ना?"

हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं म्हणूनच ते जिव्हारी लागलं. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, हेच म्हणत होत्या. "तुमचा मोजा इथं फार हुशार आहे. पण लोकांच्या घरी मोजे धुतात. चारचौघांचे कपडे धुतात तसा बाहेरून धुवून आणा, वारंवार धुवून आणा, आणि मग चालवून दाखवा. कामाच्या आढाव्यापर्यंत जमलं नाही तर तुम्ही रंग विभागात." रंग विभागात भिंतीच्या रंगाचे पोपडे कधी सुटतात ते बघत बसायचं असतं. पण मला भीती त्याची नव्हती.

"माझ्याकडे द्या," तो म्हणाला.

"काय?"

"मोजे. तुम्ही डाग पाडा, मी काढतो. ज्या दिवशी माझ्याच्यानं निघणार नाही त्या दिवशी तुम्ही जिंकलात. माझ्याइतका वाईट माणूस तुम्हाला ह्या कामाला मिळणार नाही."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण तो बोलत होता ते बरोबर होतं, आणि त्याचे डोळे… ते जाऊ दे. मी हो म्हणाले.

तसं आमचं सुरू झालं. मी नव्या शाईत नवा मोजा बुडवायचे, वाळवायचे, काळ्या टाचेचा तो मोजा घेऊन लाँड्रीत जायचे. दुसऱ्या दिवशी तो परत द्यायचा आणि म्हणायचा, "निघाला." पहिल्यांदा हे त्यानं छाती फुगवून सांगितलं. पुढच्या वेळी जरा हळू. त्याच्या पुढच्या वेळी तर काउंटरकडे बघत.

"निघाला का?" मी विचारायचे.

"थोडासा."

"थोडासा म्हणजे?"

"म्हणजे… बराचसा."

आत्या, म्हणजे ज्यांची ती लाँड्री, इस्त्री करता करता सगळं ऐकत असत. गोल चेहऱ्याच्या, मोठ्या आवाजाच्या, आणि कुणाच्याही भानगडीत आपलेपणानं नाक खुपसणाऱ्या. त्या भाच्याला गुंड्या म्हणत. लहानपणी त्यानं कुणाच्या तरी कोटाची गुंडी गिळली होती आणि गिऱ्हाईक ती परत मागत होतं, म्हणून. "बोलायला जरा बावळट आहे," त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "पण हात सोन्याचा."

"आत्या," तो म्हणायचा, "गिऱ्हाइकासमोर?"

"गिऱ्हाईक कोण? ही? ही गिऱ्हाईक असती तर दिलेला मोजा घेऊन गेली असती. तासभर चहा पीत कशाला बसली असती?"

ह्यावर मी चहाच्या कपात बघायचे आणि तो उगाच हँगर मोजायचा.

मी वीज किती जाते ते मोजणारा छोटा मीटर घेऊन जायला लागले, म्हणजे मोजा हातात आला की तिथंच तपासता यायचा. मीटरच्या दोन तारा टाचेच्या दोन बाजूंना धरायच्या असतात आणि मोजा दाबायचा असतो. त्याला दोन हात पुरत नाहीत. मग तारा तो धरायचा आणि मोजा मी दाबायचे. त्याची बोटं कायम गरम असत आणि पाण्यानं सुरकुतलेली. एकदा मी मोजा दाबला, आकडा वाचला, लिहून घेतला, आणि तरी दाबूनच ठेवला. त्यानंही तारा सोडल्या नाहीत.

"काही हललं का?" त्यानं विचारलं.

"कुठं?"

"मीटरमध्ये."

"मीटरमध्ये नाही," मी म्हणाले, आणि बोलून गेल्यावर माझे कान तापले. आत्यांनी आतून इस्त्रीची वाफ सोडली. जरा जास्तच सोडली असं मला वाटलं.

त्या दिवसानंतर आमच्यातलं अहोजाहो आपोआप गळून पडलं.

"एक विचारू का?" एका दुपारी तो म्हणाला. "मोजाच का? शर्ट का नाही? शर्टाला जास्त भाव येईल."

मग मी त्याला बाबांचं सांगितलं. माझे बाबा पोस्टमन होते. सगळं गाव पायी पालथं घातलेला माणूस. मधुमेहानं त्यांच्या तळपायांची जाणीव हळूहळू गेली. एकदा ते दिवसभर बुटात खिळा घेऊन फिरले. पत्ता विचारणाऱ्याला रस्ता दाखवला, भाजी आणली, शेजाऱ्यांशी गप्पा मारल्या. घरी येऊन बूट काढला तेव्हा मोजा लाल होता. बाबा म्हणाले, अरेच्चा, हा कुणाचा पाय. चेष्टेत म्हणाले, पण मी त्यांचा चेहरा पाहिला होता. ती जखम भरायला फार दिवस लागले आणि पाय थोडक्यात वाचला.

"तळव्याला कळत नाही ना," मी म्हणाले, "मग मोज्याला कळू दे. टाचेखाली काही टोचलं, कुठं जास्त दाब पडला, की मनगटावरचा पट्टा थरथरेल. मग ते थांबतील आणि बघतील. एवढंच हवंय मला."

हातातला मोजा त्यानं अलगद घडी घालून ठेवला. मोज्याची कुणी अशी घडी घालत नाही.

आणि त्यानंतर मोजे टिकायला लागले.

मला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. मी शाईत गोंद जरासा वाढवला होता, मला वाटलं, त्यानंच पकड आली. मोजा धुवून यायचा आणि टाच काळीच्या काळी. पुन्हा धुवायला द्यायचे, पुन्हा काळी. मीटरचा आकडा धुण्याआधी आणि धुतल्यावर तोच येत होता. मी लाँड्रीत नाचायचीच बाकी राहिले होते. तो माझ्याकडे बघून हसायचा, पण हसताना मध्येच नजर वळवायचा, आणि मी आपली समजत होते की बिचारा लाजतोय.

मला तो आवडायला लागला होता. आडवळणं कशाला घेऊ? सकाळी कुठला ड्रेस घालायचा ह्याचा विचार मी प्रयोगशाळेसाठी करत नव्हते. आढावा दोन दिवसांवर आला होता. तो झाला की ह्याला सांगायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. शब्दही जुळवून ठेवले होते.

त्या दुपारी मी पोचले तेव्हा तो कपडे पोचवायला बाहेर गेला होता. आत्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि इस्त्री बाजूला ठेवली. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, ते त्यांच्या ओठांवर आलेलंच दिसत होतं.

"तुला म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "माझ्या भाच्यानं जन्मात कुणासाठी केलं नसेल ते तुझ्यासाठी केलंय. तुझा मोजा तो मशीनला लावतच नाही. वेगळं घमेलं काढलंय. कोमट पाणी, तान्ह्या बाळाचा साबण, आणि ब्रश नाही हं, नुसती बोटं. वर मला म्हणतो, आत्या, बोलू नकोस. मी म्हटलं, अरे, असल्या गोष्टी बोलायच्या नाहीत तर काय बोलायचं?"

त्या कौतुकानं माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होते. मला एवढंच ऐकू येत होतं की मशीनला लावतच नाही.

तेवढ्यात तो आला. हातात रिकामे हँगर, चेहऱ्यावर हसू. माझा चेहरा बघून ते हसू थांबलं.

"तू माझे मोजे बोटांनी धुतोस?" मी विचारलं.

त्यानं आत्यांकडे पाहिलं. आत्यांना काहीतरी चुकल्याचं कळलं, पण काय ते कळेना.

"मदत करत होतो," तो म्हणाला.

"मदत?"

"तुझा चेहरा पडायचा गं… दर वेळी. निघाला म्हटलं की पडायचा. आणि बाबांचं ऐकल्यावर तर… माझ्याच्यानं ब्रश चालवेना."

"माझा चेहरा माझा आहे. पडला तर मी उचलीन. तुला कुणी सांगितलं होतं झेलायला?"

"मला वाटलं—"

"तुला काय वाटलं? परवा मी हाच मोजा मोठ्या बाईंपुढे ठेवणार होते. मग तो बाबांच्या पायात गेला असता. घरी तो कोण बोटांनी धुणार होतं? चार धुण्यांत तो मुका झाला असता आणि बाबा त्याच्या भरवशावर चालत राहिले असते. खिळा असता तरी चालत राहिले असते."

त्याच्या हातातले हँगर खाली पडले. त्यानं ते उचलले नाहीत.

"हा विचार मी केला नाही," तो म्हणाला.

"मशीन लाव."

त्यानं मशीन लावलं. गॅरेजवाल्यांचे जाडजूड कपडे, गरम पाणी, सोडा, आणि त्यात माझा मोजा. आम्ही तिघंही मशीनच्या काचेकडे बघत बसलो. मोजा बाहेर निघाला तेव्हा टाच राखाडी झाली होती. मीटरवर काहीच आलं नाही. मी तो पर्समध्ये टाकला आणि निघाले. तो दारापर्यंत आला होता. मी मागे वळून पाहिलं नाही, आणि त्याचं मला घरी पोचेपर्यंत वाईट वाटत राहिलं.

मोठ्या बाईंना मी खरं ते सांगितलं. आधीचे आकडे धरू नका, मोजे नीट धुतलेलेच नव्हते.

त्यांनी चष्मा खाली ओढला. "कापडानं फसवलं की माणसानं?"

"माणसानं."

"पैशासाठी?"

"नाही."

"मग कशासाठी?"

मी जमिनीकडे बघायला लागले, आणि तीच चूक झाली.

"असं होय," बाई म्हणाल्या. "पुढच्या आढाव्यापर्यंत वेळ देते. त्यानंतर मात्र रंग विभाग. आणि त्या माणसाला सांगा, आमच्याकडे प्रेम करायला बंदी नाही, आकड्यांत मिसळायला आहे."

मी स्वतःला कामाला जुंपून घेतलं. गोंद वाढवला की शाई घट्ट बसत होती, पण तो गोंदच विजेला अडवत होता. गोंद कमी केला की वीज जायची आणि पाण्याबरोबर शाईही जायची. मग एका सकाळी मी गोंदाचा नादच सोडला. मुळात सूत आणि माझी शाई एकमेकांना धरतच का नाहीत? पाण्यात दोघांवरही एकाच प्रकारचा विद्युतभार येतो, आणि सारखे भार एकमेकांना ढकलतात. मी आपली दोघांना बळेच चिकटवायला बघत होते. तेव्हा मी आधी सुतालाच दुसऱ्या एका द्रावणात भिजवलं, त्याचा भार उलटा केला, आणि मग शाईत बुडवलं. सुतानं शाई अशी काही ओढून घेतली की भांड्यातलं पाणी फिकट पडलं. मी खुर्चीत बसून राहिले आणि पहिली आठवण कुणाची आली ते सांगायला नकोच.

आता मोजा धुवून घ्यायचा होता. मी मान ताठ ठेवून पलीकडच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या लाँड्रीत गेले. तिथल्या माणसानं टाच पाहिली आणि हात झटकले. "काळा डाग आहे बाई. निघेल न निघेल, गॅरंटी नाही."

मला तर गॅरंटी देणाराच माणूस हवा होता. असं मी स्वतःला सांगितलं आणि पाय ओळखीच्या वाटेला लागले.

तो काउंटरवरच होता. चेहरा जरा उतरला होता. मला बघून उभा राहिला, आणि पहिल्या दिवसासारखा "मॅडम" म्हणाला.

मी मोजा काउंटरवर ठेवला. "डाग काढून हवाय."

"सगळा?"

"जमेल तेवढा. पहिल्या दिवशी धुतलास तसा धू. माझी तुझी ओळख नाही असं समज."

त्यानं मोज्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, सरळ, नजर न वळवता.

"ते जमणार नाही," तो म्हणाला. "तुला ओळखत नाही असं मला समजता येणार नाही. पण मोज्याला ओळख देणार नाही. समोर बस आणि बघ."

मी बसले आणि पाहिलं. त्यानं कोमट पाण्याला हात लावला नाही. मोजा मशीनमध्ये टाकला, काढला, पुन्हा टाकला, पिळला, दगडावर घासला. ब्रश चालवताना त्याच्या हाताच्या शिरा फुगल्या. दर फटक्याला मी स्टुलाची कड घट्ट धरत होते, आणि त्याचाही खालचा ओठ दाताखाली होता. पण हात थांबला नाही. दुसऱ्या दिवशी मी गेले, परत तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशी परत. आत्यांनी चहा दिला, कधी नव्हे ते काही न बोलता दिला.

शेवटच्या दिवशी त्यानं ब्रश चालवला आणि घमेल्यातल्या पाण्याकडे बघून थांबला. पाणी स्वच्छ होतं. त्यानं साबण वाढवला, गुडघे टेकून पुन्हा घासायला लागला. पाणी स्वच्छच. तो थांबेना. शेवटी आत्यांनी त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला. "पुरे रे बाबा. मोजा फाटेल, पण काळा तो काळाच राहील."

त्यानं ओला मोजा माझ्यापुढे धरला. त्याचे हात लालभडक झाले होते.

"हरलो," तो म्हणाला.

इतका गोड शब्द मला आयुष्यात कुणी ऐकवला नव्हता. मी मोजा इस्त्रीनं वाळवला आणि मीटर काढला. त्यानं न सांगता तारा धरल्या. मी टाच दाबली आणि काटा हलला, चांगला लांबवर सरकला.

आढाव्यात मोठ्या बाईंनी मोजा उलटासुलटा करून पाहिला, टाच चिमटीत दाबली, मीटर पाहिला आणि म्हणाल्या, "कोणी धुतला?"

"त्याच माणसानं."

"ह्या वेळी आकड्यांत काही मिसळलं नाही ना?"

"हात बघायला हवेत त्याचे," मी म्हणाले. बाई हसल्या आणि त्यांनी सही केली.

पण खरी परीक्षा अजून व्हायची होती. बाबांना मी मोजा घरी आणून देणार होते. ते म्हणाले, ज्यानं धुतला त्या माणसाला मला भेटायचंय, तिथंच घालतो. तेव्हा आम्ही बापलेक लाँड्रीत गेलो. आत्यांनी बाबांना खुर्ची दिली. मी त्यांच्या पायात मोजा चढवला, मोज्याचा इशारा पट्ट्यापर्यंत पोचवणारी लहानशी डबी घोट्याशी लावली, मनगटावर पट्टा बांधला.

"चाला, बाबा."

बाबा चालले. काउंटरपासून टेबलापर्यंत, टेबलापासून दारापर्यंत. पट्टा गप्प होता. साध्या पावलाला त्यानं गप्पच राहायचं होतं. परत येताना वाटेत कपड्यांना लावायचा एक चिमटा पडला होता. तो कुणालाच दिसला नव्हता. बाबांची टाच त्यावर पडली आणि पट्टा थरथरला.

बाबा जागच्या जागी थांबले. त्यांनी आधी मनगटाकडे पाहिलं. मग टेबलाला धरून पाय उचलला, वाकले, चिमटा हातात घेतला.

"हा होता," ते म्हणाले. "पायाखाली होता. मला कळलं गं."

त्यांनी चिमटा पुन्हा खाली ठेवला आणि मुद्दाम त्यावर पाय दिला. पट्टा थरथरला. पुन्हा दिला. आत्या हसायला लागल्या आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागल्या. मला तिथं उभं राहवेना. मागे वाळत घातलेल्या चादरींच्या आड मी गेले आणि तोंडावर हात धरून रडले. इतक्या सुखानं मी कधीच रडले नव्हते.

चादर बाजूला झाली. तो आत आला.

"रडतेस?"

"वाफ गेली डोळ्यांत."

"इस्त्री सकाळपासून बंद आहे."

मी हसले. तो जवळ आला, पण हात लावला नाही. लाल हात मागे बांधून उभा राहिला.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "मऊ करून नाही सांगणार. आता ती सवय सोडलीय."

"सांग."

"तू आवडतेस मला. फार. तू येत नव्हतीस त्या दिवसांत मी लोकांच्या शर्टांना विजारीसारख्या घड्या घातल्या… आत्याला विचार. मला तुझ्याबरोबर राहायचंय. कायमचं. आणि नाही म्हणायचं असेल तर तेही सरळ म्हण. मी उभा राहीन."

जुळवून ठेवलेले शब्द मी केव्हाच विसरले होते.

"पहिल्या दिवशी मला त्याच मोज्यानं तुझा गळा आवळायचा होता," मी म्हणाले.

"ते दिसत होतं."

"नंतर आवडायला लागलास. पण विश्वास बसला तो मोज्याला ओळख देणार नाही म्हणालास तेव्हा. आता तू हो म्हणालास तर हो आणि नाही म्हणालास तर नाही, असं धरून मी आयुष्यभर चालू शकते." मला दम लागला. "मलाही राहायचंय तुझ्याबरोबर. हे हो आहे. कळलं ना?"

त्यानं मागे बांधलेले हात सोडले आणि माझे दोन्ही हात धरले. ते हात खरखरीत झाले होते आणि गरम होते, आणि मी ते सोडणार नव्हते.

"अहो, पुरे आता, चिमटा मोडेल," बाहेरून आत्यांचा आवाज आला. मग बाबांचा. "ही दोघं कुठं गेली?"

"चादरींमागे वाळत असतील," आत्या म्हणाल्या.

आम्ही बाहेर आलो. हात सोडायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. बाबा टेबलाला टेकून उभे होते, एक पाय मोज्यात, एक उघडा. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे, मग आमच्या हातांकडे. पट्टा थरथरत नव्हता, त्यांनी तरी मनगटाकडे एकवार पाहिलं.

"हेही कळलं मला," ते म्हणाले, आणि पुन्हा चालायला लागले.